गोचीड ताप: गायीच्या रक्तातला परजीवी लशीला चकवा कसा देतो?

गाय अचानक चारा सोडते, ताप चढतो, खांद्याजवळच्या गाठी सुजतात, दूध आटतं. हा ‘गोचीड ताप’, म्हणजेच थायलेरिओसिस.

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गायी-बैल आहेत. त्यातली ५ कोटींहून जास्त जनावरं विदेशी किंवा संकरित आहेत आणि हा आजार सर्वाधिक त्यांनाच भोवतो. देशी गायींनाही लागण होते, पण त्या बऱ्याचदा तग धरतात.

मग यावर स्वस्त, सोपी लस का नाही?

हा परजीवी करतो काय?

थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशीय जीव. हायलोमा जातीच्या गोचिडीच्या लाळेतून तो गायीच्या शरीरात शिरतो आणि आधी पांढऱ्या पेशी गाठतो. शरीराचं रक्षण करणाऱ्या या पेशींनाच तो कर्करोगासारखं वाढायला लावतो. पुढे तो तांबड्या पेशींत जातो आणि गायीच्या अंगातलं रक्त कमी होतं.

लशीला अडचण कुठे येते?

शरीर परजीवीला ओळखतं ते त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून. इथे तीन अडचणी आहेत.

- रूप बदलतं: गोचिडीतून आलेल्या रूपावर ‘स्पॅग-१’ हे प्रथिन असतं, तर तांबड्या पेशींत शिरणाऱ्या रूपावर ‘टॅम्स-१’. एकाची ओळख दुसऱ्यासाठी कामी येत नाही.
- रचना बदलते: टॅम्स-१ सगळीकडे सारखं नसतं. परजीवीच्या वेगवेगळ्या वाणांत त्याची रचना वेगळी असते.
- लपायला जागा: एकदा पेशीत शिरला की तो अँटिबॉडीच्या हाती लागत नाही.

पूर्व आफ्रिकेत याच कुळातल्या थायलेरिया पार्वावर ‘पी-६७’ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची लस करून पाहिली गेली. केनियातल्या चाचण्यांत गंभीर आजार साधारण निम्म्यानं घटला. आशा वाटावी असा निकाल, पण दुभत्या गाईवर घर चालवणाऱ्याला निम्मी खात्री पुरत नाही.

भारतात काय उपाय आहे?

‘रक्षावॅक-टी’ ही लस आहे. तिच्यात एखादं प्रथिन नाही, तर कमजोर केलेला अख्खा परजीवी जिवंत पेशींत असतो. म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्येच ठेवावी लागते. साध्या फ्रीजमध्ये ती टिकत नाही आणि गावापर्यंत पोहोचणं अवघड होतं.

बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन सुरुवातीलाच दिलं तर गुण येतो. मात्र ट्युनिशिया, इराण आणि सुदानमध्ये या औषधाला दाद न देणारे परजीवी सापडले आहेत.

आता पुढे काय?

कृत्रिम रेतनासाठी संकरित वीर्य गावोगाव पोहोचतं, तेही द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधूनच. संकरित गाय ज्या वाटेनं गोठ्यात आली, त्याच वाटेनं तिची लसही यायला हवी. प्रथिनाची सोपी लस येईल तेव्हा येईल.

तोवर गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणं, गोचीड निर्मूलन आणि ताप दिसताच पशुवैद्यकांना बोलावणं, एवढं हातात आहे.