कांद्याची पट्टी कोणाच्या नावावर?

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव हे नेवासे तालुक्यातील गाव जनावरांच्या व कांद्याच्या बाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. कांद्याची लागवड, खुरपणी, पात कापणे आणि निवड ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. गोण्या गाडीत चढल्या की मात्र व्यवहार पुरुषांच्या हाती जातो. लिलावानंतरची पट्टी सहसा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे होते. देशाच्या आर्थिक विकासाचा एक मोठा प्रश्न या लहानशा कागदात दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

केंद्र शासनाच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता; २०२३-२४ साली तो ४१.७ टक्के झाला. वाढ स्वागतार्ह खरी; परंतु तिच्यातील मोठा वाटा घरच्याच शेतीत विनावेतन राबणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचा आहे. नोंद झाली, मोबदला नाही. हाती पैसा न येणाऱ्या श्रमातून बचत होत नाही, कर्ज उभे राहत नाही, नवा धंदा निघत नाही. विकास खुंटतो तो येथे.

ऊसतोडीत हे अधिकच उघड दिसते. पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. आई फडावर गेली की थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. तिची शाळा सुटते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी दिली. निर्णय उत्तमच, पण सातवीत दप्तर खाली ठेवलेल्या मुलीपर्यंत तो पोहोचणार कसा? ज्या नगर शहरात सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा चालविल्या, त्याच जिल्ह्यात हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

आपल्या समाजाने स्वतःकडेही पाहावे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास मुलगा व मुलगी यांना समान हिस्सा मिळतो. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत आपल्या घरांना परकी नाही. याचे परिणाम भावनेपुरते राहत नाहीत. भाव पडला असता कांदा राखून ठेवण्यास चाळ लागते, चाळीच्या अनुदानास सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर जिचे नाव नाही ती आपणच निवडलेला कांदा पडत्या भावात जाताना पाहते.