आधी साड्या मोजा

घराचं काम काढलं की हल्ली पहिली चर्चा होते ती कपाटाच्या शटरच्या रंगाची. सनमायकाचे जाडजूड कॅटलॉग सोफ्यावर पसरतात, मुलं मोबाइलवर परदेशी वॉर्डरोबची चित्रं दाखवतात. त्या चित्रांत निम्मी जागा कोट टांगायला असते. आपल्याकडे कोट किती? लग्नात शिवलेला एक. आपला पसारा घडीचा: साड्या, चादरी, दुलया, आणि एका आहेरात येऊन दुसऱ्या आहेरात जायचे ब्लाउजपीस.

आमच्याकडे मिस्त्री टेप घेऊन भिंतीकडे वळले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अहो, आधी साड्या मोजा." मिस्त्री हसले, पण त्यांनी मोजल्या. पलंगावर गठ्ठे रचले. गठ्ठा फूटभर उंच झाला की खालची साडी ओढताना वरच्या सगळ्या घसरतात, म्हणून दोन फळ्यांमध्ये दहाच इंच ठेवले. पैठण्यांना हँगर नाही. जरीच्या वजनानं पोत ताणला जातो, त्यामुळे त्या सुती कापडात गुंडाळून आडव्याच ठेवायच्या आणि अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर जर घडीवरच तुटते. यातलं कॅटलॉगात काही नसतं. शर्टांना दांडीखाली साडेतीन फूट पुरतात, अनारकलीला मात्र पाच लागतात.

बाकीचं बरंचसं गणित प्लायच ठरवतो. शीट 8 बाय 4 फुटांची. उभी चिरली की दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणून घरोघरी कपाटाची खोली दोन फूट. करवतीचं पातं दोन-तीन मिलिमीटर खातं ते वेगळंच. त्यात सरकतं शटर लावलं की रुळांना तीन-चार इंच जातात आणि शर्ट तिरके टांगावे लागतात. खोलीत पलंग आणि कपाट यांच्यात चालायला जागा असेल तर बिजागरीचंच शटर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. फळीही तीन फुटांहून लांब नको. 18 मिलिमीटरचा प्लायसुद्धा चादरींच्या ओझ्यानं झोळ खातो.

आणि पाऊस! मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं की पाठीचा 6 मिलिमीटरचा प्लाय ओल पितो आणि श्रावणात रेशमाला बुरशीचा वास येतो. मागे इंचभर मोकळी जागा सोडायला सांगा. मिस्त्री कुरकुरतील, फट दिसेल म्हणतील. बाजूनं पट्टी मारली की दिसत नाही. प्लायवरचा शिक्काही स्वतः वाचा. आयएस 303 हा नेहमीचा प्लाय, त्यातही ओल सोसणारा बीडब्ल्यूआर मागा. आयएस 710 म्हणजे मरीन, तो बाथरूमला लागून असलेल्या भिंतीसाठी घ्यावा.

पैसे कमी पडले तर सनमायका साधा घ्या, पण बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल चांगलेच घ्या. रोजचा हात त्यांनाच लागतो. आणि मिस्त्रींना बोलावण्याआधी एका रविवारी जुनं कपाट पलंगावर रिकामं करा. जे परत आत ठेवावंसं वाटत नाही, त्याच्यासाठी कप्पा काढू नका. प्लाय महाग आहे.