प्रश्नाला नाव आणि उत्तराला पुरावा

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या नॉलेज सिटीत आयसर ही विज्ञान-शिक्षण संस्था आहे. तिच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाचे पाचवे वर्ष प्रबंधाचे असते. संगणकीय विषय घेतलेला विद्यार्थी त्या वर्षात आपला प्रोग्रॅम सतत बदलत राहतो, आणि प्रबंधातील एखादा आलेख त्यातल्या नेमक्या कोणत्या आवृत्तीतून निघाला, हा प्रश्न मौखिक परीक्षेच्या तोंडावर उभा राहतो.

मर्क्युरिअल या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत असे प्रश्न विचारण्यासाठी ‘रेव्हसेट’ नावाची छोटी भाषाच आहे. (गिट आणि मर्क्युरिअल दोघांचाही जन्म एप्रिल २००५ मधला; मर्क्युरिअलची आज्ञा ‘एचजी’, म्हणजे पाऱ्याचे रासायनिक चिन्ह.) अमुक व्यक्तीने, अमुक तारखेनंतर, अमुक फोल्डरमध्ये केलेले बदल एका ओळीत मागता येतात. तीच ओळ पुन्हापुन्हा टंकण्याऐवजी तिला नाव देता येते, आणि बदलत्या जागा चले म्हणून मोकळ्या ठेवता येतात: उदाहरणार्थ, ‘काम(व्यक्ती, फोल्डर)’. गणितातील फलनासारखेच हे. असे नाव दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात घालता येते, त्याचा छेद किंवा संयोग घेता येतो. गिटमधील अलायस मात्र आज्ञेचे टोपणनाव असते. मधोमध चले हवी असतील, तर त्यात शेलचे फलन दडवावे लागते.

सोय मोठी आहे, पण ती चुकीच्या जागी साठवली जाते. या व्याख्या प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगच्या फाइलीत असतात आणि प्रकल्पाची प्रत घेताना सोबत येत नाहीत. हे सुरक्षेसाठी योग्यच आहे, कारण सेटिंगमधून परक्या आज्ञाही चालवता येतात. परिणाम असा, की विद्यार्थी पदवी घेऊन गेला, की त्याचे नेमके प्रश्नही त्याच्या लॅपटॉपबरोबर जातात. व्याख्यांची फाइल प्रकल्पातच ठेवावी, ती एकदा वाचून पाहावी आणि प्रत्येकाने आपल्या सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड’ची एक ओळ लिहून ती जोडावी. नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच आठवड्यात दाखवणे हे मार्गदर्शकाचे काम मानले पाहिजे.

तरीही प्रबंधात अलायसचे नाव लिहून भागत नाही. ‘शेवटचे स्थिर काम’ या नावाची व्याख्या तीच राहते, पण इतिहासात एक बदल वाढला, की उत्तर वेगळे येते. म्हणून शोधासाठी अलायस वापरावा आणि आलेखाखाली त्या बदलाचा ४० अंकाक्षरांचा हॅशच छापावा.