मिरवणूक संपल्यावर जवानाचं काय?

सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या जवानाची हल्ली वऱ्हाडातल्या गावागावांत मिरवणूक निघते. उघडी जीप, डीजे, फेटा, हारतुरे, चौकात सत्कार. चांगलंच आहे. पण ही मिरवणूक फार तर दोन तासांची असते. त्यानंतर त्या माणसाला पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्यातच काढायची असतात, आणि त्या वर्षांबद्दल आपण काही बोलत नाही.

याच वर्षांवर हॉलिवूडने १९४६ मध्ये एक चित्रपट काढला: ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’. दिग्दर्शक विल्यम वायलर. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. तीन सैनिक एकाच विमानातून आपल्या गावी परततात. अल बँकेतला अधिकारी. फ्रेड हवाई दलात कॅप्टन झालेला, पण त्याआधी एका दुकानात सोडा विकणारा. तिसरा खलाशी होमर, त्याचे दोन्ही हात गेलेले. होमरची भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल हा खराच सैनिक होता. १९४४ मध्ये प्रशिक्षण देताना झालेल्या स्फोटात त्याचे हात गेले होते. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले.

चित्रपटात लढाईचं एकही दृश्य नाही. खरी लढाई घरी आल्यावर सुरू होते. फ्रेड काम मागायला जातो, तेव्हा त्याला कोणतं काम येतं ते विचारतात. त्याला बॉम्ब टाकता येतात. दुकानाला त्याचा काय उपयोग? छातीवर पदकं मिरवलेला माणूस पुन्हा त्याच काउंटरमागे उभा राहतो. होमरला हातांच्या जागी लावलेल्या आकड्यांची सवय झालेली आहे, पण लोकांच्या डोळ्यांतल्या दयेची सवय होत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बँकेतला प्रसंग. एक माजी सैनिक शेतीसाठी कर्ज मागायला येतो. तारण ठेवायला त्याच्याकडे काहीच नाही. अल त्याला कर्ज मंजूर करतो आणि त्यासाठी वरिष्ठांचे बोल ऐकतो. त्याचं म्हणणं एवढंच, की माणसाची मेहनत आणि सचोटी हेही तारणच आहे.

आता आपल्याकडे पाहा. अमरावती-अकोल्यात माजी सैनिक बँकेत दिसतो तो बहुतेक वेळा दारावर, खांद्याला बंदूक लावून. त्याच बँकेत तो कर्ज मागायला आत गेला की आधी सातबारा विचारला जातो. आत ठेवलेल्या पैशाची राखण करायला त्याच्यावर विश्वास आहे, पण त्यातले थोडे त्याला द्यायला नाही. वर्षानुवर्षं आपण हे रोज पाहतो आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. ते पोहायला शिकले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. बहुतेकांना नाव कळलं ते २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आल्यावर. सुवर्णपदक मिळवणाऱ्याची ही गत, तर साध्या शिपायाला कोण विचारणार?

आणि आता प्रश्न मोठा होणार आहे. पूर्वी शिपाई साधारण पंधरा-सतरा वर्षांनी परतायचा, पण सोबत पेन्शन असायची. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. चार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असतानाच गेला. जे सुखरूप परततील त्यांतले अनेक २१ ते २५ वर्षांचे असतील. फ्रेडसारखेच, भर तारुण्यात ‘माजी’ झालेले.

सरकारने काहीच केलेलं नाही असं नाही. निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर झाल्या. दहावी झालेल्यांना बारावीचं प्रमाणपत्र आणि पुढे इग्नूची पदवी, अशी सोय केली. मात्र पदवीचा कागद आणि नोकरी यांच्यात किती अंतर असतं, हे बी.एड. झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली काही मुलं पहाटे फज्रच्या नमाजनंतर मैदानावर धावायला जातात, तिथे त्यांना शेजारच्या मराठी शाळेतली मुलं भेटतात. सगळ्यांचं स्वप्न एकच, भरती. त्यांना धावू नका असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या घरी दरमहा पगार येणं ही लहान गोष्ट नसते. पण भरतीची तयारी करून घेणाऱ्या आपण मोठ्यांनी पाचव्या वर्षाचीही तयारी करून घ्यायला हवी. वायरिंग असो, यंत्रदुरुस्ती असो, हिशेब असो, एखादा हुन्नर हातात देऊनच मुलाला पाठवावं. सेवानिधीची रक्कम बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये संपवायची नाही, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवावं. आणि परतलेल्या मुलाने धंद्यासाठी कर्ज मागितलं तर त्याची चार वर्षांची सेवा तारण धरावी, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे आतापासून करावी.

चित्रपटाच्या शेवटी फ्रेडला काम मिळतं ते भंगारात काढलेल्या लढाऊ विमानांच्या आवारात. ती विमानं मोडून त्यांच्या पत्र्यातून घरं बांधायची असतात. जुन्या विमानांचा उपयोग काय, हे त्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं. आपण आपल्या मुलांसाठी निदान तेवढं तरी ठरवायला हवं.