‘काही झालं नाही’ म्हणण्याची घाई

अपघाताची बातमी मोहल्ल्यात पोचली की दारात चार माणसं जमतात आणि पाचव्या मिनिटाला निकाल लागतो: “अल्लाहचं शुक्र, काही झालं नाही.” शुक्र मानायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद उरलेल्या अर्ध्या वाक्याशी आहे. काही झालं की नाही हे ठरवलं कुणी? शेजारच्या चाचांनी? की कपडे झटकून उभ्या राहिलेल्या त्या माणसानं स्वतःच? तो उठला, पाणी प्याला, किक मारून गाडी घरी घेऊन आला, एवढ्यावर आपण डॉक्टरचं काम उरकून टाकतो. दुसऱ्या दिवशी सदका निघतो, तिसऱ्या दिवशी हळदीचा लेप. आणि वर्षभरानं हाच माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे लोक ज्याला ट्रिब्युनल म्हणतात त्याच्या, जिन्यावर बसलेला दिसतो तेव्हा हातात दाखवायला एकही धड कागद नसतो.

ओळखीपाळखीच्या लोकांसोबत मी त्या जिन्यावर पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत. मी वकील नाही, डॉक्टर नाही. पण तिथं बसून जे दिसलं त्यावरून सांगतो, भरपाई बुडते ती बहुतेक वेळा कोर्टात नाही. ती अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, आपल्याच ओट्यावर बुडते.

आधी शरीराचं बोलू, कारण पैशाचं नंतर. डोक्याला मार बसलेला माणूस काही तास नीट बोलतो, चहा पितो, फोनवर हसतो आणि मग गुंगीत जातो. कवटीच्या आत सावकाश साठणारं रक्त असंच फसवतं. पोटात प्लीहेला इजा झाली असेल तर ती काही दिवसांनीही फुटू शकते. मानेचं, कमरेचं दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं डोकं वर काढतं. अपघाताच्या क्षणी शरीर स्वतःच वेदना दाबून ठेवतं, आणि आपण त्याला ‘पोरगा मर्द आहे’ म्हणतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. घरी बाम चोळत बसलेले या आकड्यात आलेच नसणार.

आणि हाडवैद. त्यांच्याबद्दल लिहिलं की काही वाचक रागावतात, रागवा. मुरगळलेला पाय बरा होत असेलही. पण मोडलेल्या हाडावर एक्स-रे न काढता खपाट्या आवळून बांधल्या की रक्तपुरवठा तुटतो, बोटं काळी पडतात, हात कायमचा आखडतो. सरकारी इस्पितळातल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा, तो अशी उदाहरणं बोटांवर मोजून दाखवेल. शिवाय हाडवैद केस पेपर लिहीत नाही. कोर्टाच्या दृष्टीनं त्या तीन आठवड्यांत तुम्ही होतातच कुठे?

एका रंगाऱ्याचं सांगतो. वळणावर मोटारीनं उडवलं. मोटारवाला भला माणूस होता, उतरला, उचलून बसवलं, दोन हजार रुपये दिले. जमलेल्यांपैकी एका शहाण्यानं कागद लिहून घेतला: माझी काही तक्रार नाही. रंगाऱ्यानं सही केली. खांदा दुखत राहिला, हाडवैदाकडे पंचवीस दिवस गेले, हात खांद्याच्या वर जाईना तेव्हा इस्पितळात नेलं. हाड वाकडं जुळलं होतं. आता रंगाऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नसेल तर त्यानं छत रंगवायचं कसं? पुढे दावा लागला. विमा कंपनीच्या वकिलानं फार काही विचारलं नाही. हा हात याच अपघातात मोडला कशावरून, त्यानंतरच्या पंचवीस दिवसांत शिडीवरून पडून मोडला नसेल कशावरून, एवढंच विचारलं. वकिलाला शिव्या देऊन उपयोग नाही. ती फट आपण करून दिली होती.

याहून वाईट प्रकार म्हणजे खोटा इतिहास. जखमीला इस्पितळात नेतात, पण वाटेतच कुणीतरी कानात सांगतो, “अपघात सांगू नका, पोलिसांचं लचांड होईल. जिन्यावरून पडला म्हणून सांगा.” काही खासगी इस्पितळंही हेच सुचवतात, कारण मेडिको-लीगल केस म्हटलं की त्यांनाही पोलिसांना कळवणं, नोंदी ठेवणं, साक्षीला जाणं आलं. डॉक्टर जे ऐकतो ते लिहितो. ‘घरात पडून इजा’ या तीन शब्दांनी पुढचा सगळा दावा संपतो. मागाहून तुम्ही दहा साक्षीदार आणा, विमा कंपनी तो पहिला केस पेपर काढून पुढे ठेवते. स्वतःच्या तोंडानं, तेही पहिल्या तासात सांगितलेली गोष्ट खोटी आणि वर्षानंतरची खरी, हे न्यायाधीशानं का मानावं?

पोलिसांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नाव सांगितल्यावर ठाणे अंमलदाराचा सूर बदलल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे आणि तो नाकारणाऱ्यांना मी इथे उत्तरही देत बसत नाही. पण या भीतीचा इथे उपयोग काय होतो ते पाहा. ठोकरणारा निवांत सुटतो आणि ठोकर खाणारा लपत फिरतो! मेडिको-लीगल नोंद करायला तुम्हाला ठाण्यात जायचं नसतं. ती डॉक्टर करतो, पोलिसांना इस्पितळ कळवतं, जबाब घ्यायला पोलीस खाटेपाशी येतो. ‘आधी पोलीस, मग उपचार’ ही सबब तर सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात निकालात काढली. मोटारीनं उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या इस्पितळानं दुसरीकडे धाडलं आणि तो वाटेत मेला, त्या बातमीवरून ती याचिका झाली होती. सरकारी असो की खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर, असं कोर्टानं बजावलं. जखमीला उचलून नेणाऱ्यालाही २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लावता येत नाही.

“फिर्याद उशिरा दिली तरी चालते, कोर्ट समजून घेतं,” असं एक अर्धवट ज्ञानही आपल्याकडे फिरतं. खरं आहे, २०११च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की केवळ फिर्यादीला उशीर झाला म्हणून दावा खोटा मानू नये. पण का? कारण आपल्या देशातला सामान्य माणूस आधी जखमीला घेऊन इस्पितळात धावतो, पोलीस ठाण्यात नाही, म्हणून. ही सवलत धावणाऱ्यासाठी आहे. जो ना इस्पितळात गेला ना ठाण्यात, त्याला या निकालात बसायला जागा कुठली?

आता मजहबच्या नावानं जे सांगितलं जातं त्याकडे येतो. एक म्हणतात, विमा हराम, त्या पैशाला हात लावू नये. व्यापारी विम्याबद्दल उलेमांमध्ये कडक मत आहे हे मला ठाऊक आहे. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीनं १९८५ साली तो नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा जायज. तुम्ही स्वतःची पॉलिसी काढावी की नाही हा तुमचा आणि तुमच्या मौलानांचा प्रश्न. पण तुम्हाला ज्यानं उडवलं त्यानं तुम्हाला द्यायची भरपाई हा तुमचा विमाच नव्हे. ती त्याच्यावरची देणेदारी आहे. कायद्यानं त्याला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला म्हणून ती कंपनी भरते, एवढंच. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीसुद्धा मृताच्या घरच्यांना दियत देण्याचा हुकूम आहे, आणि जखमांच्या भरपाईचं तर फिक्हमध्ये अख्खं प्रकरण आहे. ही दियत एकट्या गुन्हेगाराच्या खिशातून नाही, त्याच्या आकिलानं, म्हणजे जमातीनं मिळून भरायची. हे सगळं शिकलेली माणसं रस्त्यावर दोन हजारांत मांडवली करून देतात आणि वर तिला सब्र म्हणतात.

माफ करणं मोठं पुण्य आहे, मान्य. पण माफीचा हक्क वारसांचा आणि जखमीचा. गल्लीतल्या पुढाऱ्याला तो कुणी दिला? आणि माफ करायचं तरी काय, हे आधी कळायला नको? एक्स-रे काढा, डॉक्टर सांगेल ते ऐका, मग खुशाल माफ करा. तवक्कुलचं म्हणाल तर उंट बांधण्याची हदीस आपल्या मदरशातलं लहान पोरही सांगेल.

खर्चाची भीती सर्वांत खरी. रोजंदारीवर जगणारा माणूस खासगी इस्पितळाच्या दारात पाऊल टाकताना बिलाचा विचार करणारच. त्यासाठीच ५ मे २०२५ रोजी केंद्रानं रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली: नेमलेल्या इस्पितळात प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. पण अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंतच. तुम्ही हाडवैदाकडे आठवडा काढलात तर ती संपली. एप्रिल २०२२पासून भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदतही पुन्हा आली आहे. १९९४ साली संसदेनं मुदतीची अट काढून टाकली होती, ती परत आणली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि दिलं जायलाच हवं होतं. अंथरुणाला खिळलेल्या मजुराला सहा महिने म्हणजे काहीच नाही. पण निकाल काय लागायचा तो लागो, त्याच्या भरवशावर कागद गोळा करायचे थांबू नका.

कागदाची किंमत किती, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर २०१०च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात आहे. डावा हात गेला तर डॉक्टर साठ टक्के अपंगत्व लिहील. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेल, असं कोर्टानं समजावून सांगितलं. आपल्यात कारकून किती आणि ड्रायव्हर, मेकॅनिक, वेल्डर, शिंपी, हातगाडीवाले किती? स्वतःचा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण मुसलमानांत जास्त असल्याचं सच्चर समितीनं २००६ सालीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे हा निकाल सर्वांत जास्त आपल्या कामाचा. फक्त त्याच निकालात कोर्टानं आणखी एक ताकीद दिली आहे. ज्यानं उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरकडून मागाहून आणलेल्या तयार दाखल्यांपासून ट्रिब्युनलनं सावध राहावं. पहिल्या दिवसापासून ज्यानं तपासलं त्या डॉक्टरचा शब्द वजनाचा.

या दाखल्यांचा बाजार आपणच चालू ठेवतो, हेही बोललं पाहिजे. इस्पितळाच्या फाटकापाशी दलाल उभे असतात: कागद नाही? करून देतो. गाडीचा नंबर नाही? लावून देतो. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. असा एक खोटा दावा सापडला की त्यानंतरच्या शंभर खऱ्या जखमींकडे कंपनी चोर म्हणून पाहते.

बायकांचं तर विचारूच नका. मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पडली की आधी नवऱ्याचा गुडघा पाहिला जातो, मग गाडीचा आरसा. तिची कंबर दुखत असते, ती भाकऱ्या थापत असते. ‘तिची कुठं कमाई आहे’ म्हणून तिच्या नावानं दावा करायचं कुणाच्या मनातही येत नाही. जानेवारी २०२१मध्ये कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाचं मोल भरपाईत धरलंच पाहिजे असं ठामपणे सांगितलं. कोर्टाला ते कळलं, घरात कळायचं आहे. आपा, खाला, हे वाचत असाल तर नवऱ्याची वाट पाहू नका. तुमचा वेगळा केस पेपर काढायला लावा, तुमच्या नावाचा.

आणि तो केस पेपर हातात आला की तिथल्या तिथे वाचा. इंग्रजी येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घ्या. तारीख, वेळ, रस्त्यावरचा अपघात, कोणत्या वाहनानं धडक दिली, कुठे कुठे दुखतं, हे सगळं आहे का? मार हाताला लागला आणि मानही दुखते आहे, तर मानही लिहायला सांगा. मेडिको-लीगल क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या तपासणीला बोलावलं तर जा. दुखणं कमी झालं म्हणून मधेच सोडलं की वकील त्याचाच अर्थ ‘बरा झाला होता’ असा लावतो.

आमच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजनंतर हरवलेल्या किल्ल्या, बदललेल्या चपला, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या यांची घोषणा होते. मागच्या महिन्यात मी एका ट्रस्टींना म्हटलं, त्याच माइकवरून दोन मिनिटं हेही सांगू या: अपघात झाला तर १०८ला फोन, त्याच दिवशी तपासणी, अपघात हा शब्द न लपवता. ते म्हणाले, “विम्याची बात मशिदीत नको.” मी म्हटलं, विम्याची नको, एक्स-रेची सांगा. कमिटीत विषय ठेवतो म्हणाले आहेत.