'हलके काम' नावाची पळवाट

आघातातून वाचलेल्या माणसाला समाज दोन गोष्टी देऊ करतो: 'विसरून जा' हा सल्ला आणि 'हलके काम'. सल्ल्याचा फोलपणा आता पुष्कळांना पटला आहे. हलक्या कामाबद्दल मात्र अजूनही कृतज्ञतेचीच अपेक्षा असते. आमचा आक्षेप त्यावर आहे.

आघातोत्तर ताणविकृती हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली आले. उडालेली झोप, अकारण दचकणे, अखंड सावधपणा, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे ही त्याची लक्षणे. यांचा कामाच्या वजनाशी संबंध काय? अशा माणसाला गोणी जड होत नाही, रात्र जड होते.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. वर्दी उतरवलेल्या जवानाला सहज सुचवली जाते ती कुरकुंभ किंवा रांजणगावच्या कारखान्यातली रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी. 'नुसते खुर्चीवर तर बसायचे!' पण ज्याच्या मनाला पहारा थांबवताच येत नाही, त्याला पगार देऊन पहाऱ्यावर बसवणे, याला आम्ही सोय म्हणत नाही.

शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याने माणसे मारली, त्यांत मुलेही होती. ते ज्याने पाहिले त्यालाही, शेतपंपाची वीज रात्री आली, तर रात्रीच उसात शिरावे लागते. त्याला समुपदेशन हवेच. पण दिवसाची वीज हाही उपचारच आहे.

कायदा याबाबतीत आपल्या भाषेच्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढू नये, त्याच वेतनश्रेणीत झेपणारे पद द्यावे, असे कलम २० सांगते. आस्थापनांना सूट देण्याची मेखही त्यातच आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका मनोरुग्ण अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी रद्द केली आणि गरज पडल्यास वेतन राखून, शस्त्राशी संबंध नसलेले पद देण्याची वाट खुली केली. कंत्राटी पहारेकरी आणि शेतकरी मात्र या संरक्षणाबाहेरच राहतात.

वेदनेच्या साहित्यावर चर्चासत्रे भरवणाऱ्यांनी तरी 'हलके' हा शब्द तपासून घ्यावा. काम किती जड, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाळी कोण ठरवतो, 'आज जमणार नाही' असे म्हटल्यावर नोकरी टिकते का, हे विचारले पाहिजे. ज्या कामात माणसाला 'नाही' म्हणता येते, तेच त्याला झेपणारे काम.