फ्लॅश बंद ठेवा की राव!

मंडळी, दिव्यांचे फोटो म्हटले की कोल्हापूरकर त्रिपुरी पौर्णिमेला भल्या पहाटे पंचगंगा घाट गाठतात. गाठावाच! पण त्याआधी दिवाळीत एक रात्र आपल्या मंगळवार पेठेच्या बोळांतूनही फिरा. फक्त फ्लॅश नको. त्यात यंदा रंग न दिलेल्या भिंतीचे पोपडे उठून दिसतात आणि पणती विझल्यासारखी वाटते. मोबाइलचा नाइट मोडही अनेक फ्रेम्स जोडून रात्रीची संध्याकाळ करून टाकतो. त्यापेक्षा कॅमेरा कट्ट्यावर टेकवा, टायमर लावा, शटर दोन सेकंद उघडं ठेवा. उंबऱ्यावरची पणती, वरचा आकाशकंदील, पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे उजळतील; बाकीचं अंधारात राहील... राहू दे. माणसं दारात दिवा लावतात तो दिवा दिसावा म्हणून, भिंत नव्हे!